उघडा हिशेब

जर्मनीच्या उत्तरेकडील र्‍युगेन बेटावर १८२९ साली जन्मलेले थिओडोर बिलरोथ १८६० मध्ये झुरिक विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. शस्त्रक्रिया करणाऱ्यांसाठी तो काळ फार बिकट होता. क्लोरोफॉर्म देऊन रुग्णाला बेशुद्ध करता येत होतं, पण जखमा का चिघळतात हे नीटसं उमगलेलं नव्हतं. साधी शस्त्रक्रिया पार पडलेला माणूसही चार दिवसांनी तापाने फणफणायचा आणि हातचा जायचा. अशा वेळी आपले बरे झालेले रुग्ण जगापुढे ठेवावेत आणि बाकीच्यांबद्दल गप्प राहावं, हा मोह मोठमोठ्यांना आवरत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बिलरोथ यांनी मूठ उघडली. १८६७ मध्ये त्यांना व्हिएन्नाच्या विद्यापीठाने बोलावून घेतलं. मानाचं पद मिळालं, गमावण्यासारखी कीर्ती जवळ आली. तरीही झुरिकमधल्या आपल्या साऱ्या कामाचा अहवाल त्यांनी छापला. त्यात बरे झालेले होते तसे दगावलेलेही होते, तेही स्वतःच्या नावावर घेतलेले.

व्हिएन्नात त्यांच्यापुढे एक जुनं दुखणं उभं होतं. जठराचा कर्करोग पुष्कळदा जठर जिथे आतड्याला मिळतं त्या तोंडाशीच होतो. वाट बंद होते, खाल्लेलं उलटून पडतं आणि माणूस अन्न समोर असून उपाशी मरतो. बिलरोथ यांनी लगेच सुरी उचलली नाही. कार्ल गुसेनबावर आणि अलेक्झांडर विनिवार्टर हे त्यांचे दोन शिष्य कामाला लागले. त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून जठराचा तुकडा काढल्यावर प्राणी जगतो का, टाके धरतात का, हे तपासलं. शिवाय ६१,२८७ शवविच्छेदनांच्या नोंदी चाळल्या. तोंडाशी गाठ असलेल्या बऱ्याच रुग्णांमध्ये रोग इतरत्र पसरलेलाच नव्हता, असं त्यांतून दिसलं. म्हणजे गाठ वेळेवर काढली तर आशा होती.

पॅरिसच्या ज्यूल पेआं यांनी १८७९ मध्ये आणि ल्युडविक रिडिगिएर या पोलिश शल्यचिकित्सकाने १८८० मध्ये तो प्रयत्न केला. दोघांचेही रुग्ण वाचले नाहीत.

२९ जानेवारी १८८१ रोजी बिलरोथ यांनी थेरेसे हेलर या ४३ वर्षांच्या बाईंवर शस्त्रक्रिया केली. आंबवलेल्या दुधापलीकडे त्यांच्या पोटात काही ठरत नव्हतं. सुमारे दीड तासात गाठीसह जठराचा भाग काढला गेला आणि उरलेलं जठर लहान आतड्याच्या सुरुवातीला रेशमी टाक्यांनी शिवलं गेलं. बाई शुद्धीवर आल्या आणि जेवू लागल्या. आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा बिलरोथ यांनी एका वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकांना पत्र लिहून सारी हकीकत कळवली. या शस्त्रक्रियेची पूर्वतयारी माझ्या शिष्यांनी केली आहे, हेही त्यांनी त्यात नोंदवलं.

पण मे महिन्यात थेरेसे हेलर वारल्या. शवविच्छेदनात टाके उत्तम भरून आलेले दिसले; रोग मात्र शरीरात पसरला होता. त्यानंतरचे दोन रुग्ण तर शस्त्रक्रियेनंतर लवकरच दगावले. बिलरोथ यांचे सहायक अँटन वुल्फलर यांनी त्याच वर्षी या शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिलं. गुरूच्या यशाबरोबर गुरूचं अपयशही शिष्याने छापलं, आणि गुरूला त्यात कमीपणा वाटला नाही.

सप्टेंबरात याच वुल्फलर यांनी एका रुग्णाचं पोट उघडलं. गाठ इतकी घट्ट रुतलेली होती की काढणं अशक्य. पोट पुन्हा शिवून टाकायचं, एवढंच हाती होतं. तेव्हा तिथे हजर असलेले कार्ल निकोलाडोनी यांनी सुचवलं, गाठ राहू दे, जठराला दुसरीकडे छिद्र करून तिथेच लहान आतडं जोडून पाहा. वुल्फलर यांनी ते ऐकलं. अन्नाला नवी वाट मिळाली आणि रुग्ण वाचला.

१८८५ मध्ये बिलरोथ यांच्यापुढे एक अतिशय अशक्त रुग्ण आला. मोठी शस्त्रक्रिया त्याला झेपेल असं वाटत नव्हतं. छप्पन्न वर्षांच्या आसपास पोचलेल्या त्या जगप्रसिद्ध गुरूने शिष्याची वाट धरली. आधी जठर आणि लहान आतडं जोडलं. रुग्णाने ते सोसलं, म्हणून मग त्याच बैठकीत गाठही काढली. ‘बिलरोथ दोन’ या नावाने शल्यचिकित्सेचे विद्यार्थी आजही ही पद्धत शिकतात. नाव गुरूचं आहे, पण तिचं अर्धं काम शिष्याच्या टेबलावर, तेही तिसऱ्याच माणसाच्या सूचनेने झालेलं आहे.

बिलरोथ यांच्या शिष्यांपैकी चेर्नी हायडेलबर्गला, मिकुलिच ब्रेस्लाउला, गुसेनबावर प्रागला, विनिवार्टर लिएजला गेले. जिथे गेले तिथे त्यांनी आपले विद्यार्थी घडवले. १८९४ मध्ये बिलरोथ वारले तेव्हा त्यांचे शिष्य युरोपातल्या अनेक विद्यापीठांत शिकवत होते.

तात्पर्य असं, की शिकवणाऱ्याने आपलं यश दाखवलं तर शिष्याला फक्त कौतुक करता येतं. अपयश कारणांसह दाखवलं तर त्याला पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळतं. मात्र अपयश मांडणारा गुरू शिष्याने काढलेली सुधारणा स्वीकारायलाही तयार हवा, नाहीतर ते मांडणं अर्धवट राहतं. रुग्णालय असो, शाळा असो की सुताराची कार्यशाळा, हाताखालच्या माणसाला ‘इथे माझं चुकलं, तुला काय वाटतं?’ असं विचारणाऱ्या वरिष्ठाचं काम त्याच्या मागेही वाढत राहतं.