गुणसंपदा आणि शील

अनेक गुण एका ठायीं नांदतांना दिसले म्हणजे त्या व्यक्तीस आपण थोर म्हणतों. परंतु थोरवीची कसोटी गुणांच्या संख्येंत असते काय? जर्मनींतील बिंगेनजवळच्या मठाची प्रमुख संत हिल्डेगार्ड (१०९८–११७९) हिनें सत्तरांहून अधिक भक्तिगीतें रचून त्यांस चाली दिल्या, वनस्पती व औषधी यांवर ग्रंथ लिहिले, सम्राटांस व पोपांस निर्भीड पत्रें धाडिलीं. २०१२ सालीं पोपनीं तिला चर्चच्या आचार्यांत स्थान दिलें.

तिचें शील मात्र ११७८ सालीं कसास लागलें. पूर्वीं धर्मबहिष्कृत असलेल्या एका सरदाराचें प्रेत तिनें मठाच्या भूमींत पुरूं दिलें होतें. मरणापूर्वीं त्याचा चर्चशीं समेट झाला होता, असें तिचें म्हणणें. प्रेत उकरण्याची माइन्त्सच्या धर्माधिकाऱ्यांची आज्ञा तिनें मानिली नाहीं. तेव्हां मठांतील गायन बंद झालें. प्रार्थना हलक्या आवाजांत म्हणाव्या लागल्या. ही शिक्षा तिनें पाळिली, आणि ती अन्याय्य असल्याचें पत्रानें स्पष्ट कळविलें. ११७९ सालीं, तिच्या मृत्यूच्या कांहीं महिने आधीं, बंदी उठली.

गुण दैवानें लाभतात. परंतु स्वतःचा बचाव करूं न शकणाऱ्या मृतासाठीं आपली सर्वांत प्रिय कला गमावण्यास सिद्ध होणें हें शीलाचें काम आहे, आणि तें गुणहीन म्हणविणाऱ्यासहि अशक्य नाहीं.