डाग दिसल्यावर चौकशी कसली करता?

गर्भारपणात रक्ताचा डाग दिसला की आपल्या घरांत आधी चौकशी सुरू होते. जड उचललेस का, पपई खाल्लीस का, तीन महिने व्हायच्या आत चारचौघींना कशाला सांगितलेस? विचारणाऱ्या बाईला बहुधा खरीच काळजी असते. सुनेला मात्र त्यातून एवढेच कळते की आपल्यावर आळ आला. मग पुढचा डाग ती कोणाला दाखवत नाही. माझे भांडण या चौकशीशी आहे, कारण दवाखान्यात पोहोचायला होणारा उशीर इथूनच सुरू होतो.

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारांतल्या एकीला थोडेफार रक्त दिसते. गर्भ रुजताना, पाळीच्या तारखेच्या आसपास, एखादा गुलाबी किंवा तपकिरी डाग पडू शकतो. गर्भपिशवीच्या तोंडाशी या काळात रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे शरीरसंबंधानंतर किंवा आतून तपासणी झाल्यावरही थोडे रक्त येते. अशा कितीतरी जणींचे दिवस पुढे व्यवस्थित भरतात. ज्यांचे भरत नाहीत, त्यांच्या सुरुवातीच्या गर्भपातांचे सर्वांत मोठे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष हे असते, आणि तो बहुधा गर्भ राहतानाच पडलेला असतो. पपईची फोड, एसटीचा प्रवास, शेजारणीची नजर यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. 'आठ दिवस पलंगावरून उठू नकोस' या सल्ल्याने गर्भपात टळतो, हेही सिद्ध झालेले नाही; न उठल्याबद्दल सुनेला बोल मात्र बसत नाही, एवढाच त्याचा फायदा.

मग दवाखान्यात जायचे कशाला? डाग साधा आहे की नाही हे नुसते बघून सांगता येत नाही, चार बाळंतपणे झालेल्या सासूबाईंनाही नाही, म्हणून. गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजला असेल तर बाहेर दिसणारे रक्त अगदी थोडे असते. नळी फुटली की रक्तस्राव पोटात होतो आणि बाईच्या जिवावर बेतते. ओटीपोटात एका बाजूला दुखणे, खांद्याच्या टोकाला कळ, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे, आणि ती दिसली तर सकाळची वाट बघायची नसते. दिवस भरत आल्यावरचे रक्त आणखी फसवे. वार पिशवीच्या तोंडावर असेल तर लालभडक रक्त जाते पण दुखत नाही, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. अशा वेळी सुईणीने आतून हात घालून बघणे म्हणजे रक्ताची धार लावून घेणे आहे. वार वेळेआधी सुटली तर पोट दगडासारखे घट्ट होते, आणि आत जेवढे रक्त साचते त्याच्या मानाने बाहेर थोडेच दिसते.

म्हणून सासूबाईंनी विचारायचेच असेल तर हे विचारावे: कितवा महिना, पॅड किती वेळात भिजले, गाठी पडल्या का, पोटात कळा आहेत का, ताप किंवा चक्कर आहे का. तासाभरात पॅड भिजत असेल, दुखत असेल, चक्कर येत असेल, किंवा पाचवा महिना उलटला असेल, तर त्याच घटकेला निघावे. नुसता डाग असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. फाइलवरचा रक्तगटही बघावा. तो निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का हे डॉक्टर ठरवतात आणि लागल्यास ते 72 तासांच्या आत द्यायचे असते. रक्त थांबले म्हणून ही गोष्ट सोडून द्यायची नाही.

हे सगळे सांगायचे तर बाईला अंगावरून काय जाते ते मोकळेपणी बोलता आले पाहिजे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेली पाहणी 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. बायांना दुखत नव्हते असे थोडेच! आज गावोगाव आशाताई आहे, 102 आणि 108 ची गाडी फुकट येते, सरकारी रुग्णालयात गरोदर बाईची तपासणी आणि लागले तर रक्तही मोफत मिळते. तरी कित्येक घरांत 'हे आले की विचारते' एवढ्यावर संध्याकाळ होते. गाडीला फोन करायला नवऱ्याची परवानगी लागता कामा नये, हे लग्न झालेल्या प्रत्येक मुलीला माहेरीच सांगून ठेवले पाहिजे.

परवानगी नेहमी घरातच अडते असेही नाही. बीडकडून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस फडात गेले नाही तर खाडा धरून पैसे कापतात. पोटुशी बाई डाग दिसला तरी मोळ्या वाहते ती अडाणी म्हणून नव्हे. तिला हिशेब पक्का येतो. गावची आशाताई गावात राहिलेली, फडाजवळच्या दवाखान्यात ओळख नाही, आणि मुकादमाला काय सांगायचे हा प्रश्न वेगळाच. तिला आहार-विहारावर व्याख्यान देणाऱ्यांनी आधी कारखान्यांकडे जावे, आणि गरोदर बाई दवाखान्यात गेली त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, ही अट उचल देतानाच लिहून घ्यावी.