थापेला कलम नाही

निवडणुकीत थापा मारणाऱ्या पुढाऱ्याला तुरुंगात टाका, असे कोणी म्हटले की टाळी पडतेच. कायदा याबाबत अगदीच मुका नाही, पण त्याचे लक्ष भलतीकडे आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123(4) नुसार दुसऱ्या उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे पसरवणे हे भ्रष्ट आचरण ठरते आणि त्यावरून निवड रद्द होऊ शकते. पण कोरड्या नळासमोर उभे राहून 'गावात पाणी मीच आणले' असे सांगणाऱ्यासाठी त्यात काही नाही. बदनामी उमेदवाराची झाली तर दाद मागता येते, मतदाराला फसवले तर नाही.

आश्वासनांना मात्र कायद्याच्या कचाट्यात आणू नये. जाहीरनाम्यातली वचने भ्रष्ट आचरणात बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सांगितले, ते पटते. पाऊस दगा देतो, मित्रपक्षही देतात. शिवाय सभेतले खरेखोटे पोलीस ठाण्यात ठरू लागले तर पहिला गुन्हा विरोधकावरच नोंदवला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

ब्रिटनमध्ये 2010 साली फिल वूलस 103 मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्ध्याविषयी पत्रकांत खोटे छापल्याचे सिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्यांची खासदारकी गेली. आपल्याकडे विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली डिसेंबर 1987 मध्ये. धर्माच्या नावावर मते मागितल्याबद्दल (खोटेपणाबद्दल नव्हे) रमेश प्रभूंची निवड रद्द झाली खरी, पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला डिसेंबर 1995 उजाडला. तोवर विधानसभेच्या आणखी दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या. अशा गतीने चालणाऱ्या खटल्याला कोण भिणार?

म्हणून कागदावर तपासता येईल तेवढेच खोटे धरावे. ते शपथपत्रात सापडते. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे हे सारे उमेदवार स्वतः सही करून देतो. तिथे पावसाची सबब चालत नाही. पण खोट्या शपथपत्रासाठी त्याच 1951 च्या कायद्याच्या कलम 125अ मधली शिक्षा किती? फार तर सहा महिने कैद, नाहीतर नुसता दंड. एवढ्या शिक्षेने आमदारकी आपोआप जात नाही. विधी आयोगाने 2014 च्या 244व्या अहवालात किमान दोन वर्षे कैद आणि सोबत अपात्रता सुचवली होती. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की या शिफारशीला त्याचा पाठिंबा आहे का, एवढे विचारा. आणि उत्तर लेखी घ्या.