यजमान कोण, पाहुणा कोण?

सांप्रत सधन कुटुंबांतून विवाहाचे स्थळ घरापासून दूर, आणि केवळ दूर नव्हे तर शक्य तितके निर्जन असावे, अशी आवड वाढत चालली आहे. ‘डेस्टिनेशन वेडिंग’ हे तिचे इंग्रजी नाव आता आबालवृद्धांच्या तोंडी बसले आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली, परंतु कुलदैवत गोमंतकात असलेली कुटुंबेही या निमित्ताने इकडे येतात. कुलस्वामिनीची ओटी भरावी आणि मुलीचे कन्यादानही तिच्याच भूमीत व्हावे, या इच्छेत गैर ते काय? मात्र हल्ली मंडप देवालयाच्या अग्रशाळेत पडत नाही. तो पडतो खाडीच्या मुखाशी, तिवरांच्या कडेला, किंवा सागरी कासवे अंडी घालावयास येतात त्या वाळूवर. या विवाहांतील खर्चाविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यात भर घालण्याचा माझा हेतू नाही. माझा प्रश्न एवढाच की, अशा ठिकाणी कन्यादानास बसणारा गृहस्थ स्वतःला यजमान म्हणवितो, तो त्या जागी खरोखर यजमान आहे काय?

प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल, पण आपला विवाहविधीच तो उपस्थित करतो. वराकडील मंडळी वधूच्या गावी आली म्हणजे थेट मांडवात शिरत नाहीत. सीमांतपूजन होते, गावच्या शिवेवर त्यांना थांबविले जाते, त्यांचे पाय धुतले जातात, आणि मगच ती आत येतात. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकणे ही गोष्ट साधी नाही, तिला अनुज्ञा लागते, हे या एका विधीत किती सहजपणे सांगितले आहे! देवकाचेही तसेच. कुणाचे देवक कळंब, कुणाचे पंचपल्लव, तर कुणाचे मोराचे पीस. आणि ज्या कुळाचे जे देवक, त्याला त्या कुळाने इजा करावयाची नाही, असा दंडक. पुण्याहवाचनात तर कलशात साक्षात् वरुणाचे आवाहन करतात. ज्याला कलशात बोलवावयाचे त्याच्याच अंगणात रात्रभर डिझेलचा धूर सोडावयाचा, ही विसंगती एखाद्या पुरोहिताच्याही ध्यानी येत नसेल, असे मला वाटत नाही. पण दक्षिणा देणाऱ्यास ती सांगणार कोण?

आता ज्या भूमीवर हा मंडप पडतो ती कशी असते, हे पाहिले पाहिजे. मांडवीच्या पात्रातील चोडण बेटाच्या पश्चिम टोकास सुमारे १७८ हेक्टरांचे कांदळवन आहे. १९८८ साली ते पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले आणि त्याला डॉ. सलीम अली यांचे नाव दिले गेले. भरतीच्या वेळी पाहिले तर हिरव्या माथ्यांखेरीज काही दिसत नाही. ओहोटी लागली की मात्र चिखल उघडा पडतो आणि त्यात सारा संसार दिसू लागतो. श्वासासाठी चिखलातून वर आलेली तिवराची मुळे, त्यांच्यामधून उड्या मारणाऱ्या निवट्या, बिळांच्या तोंडाशी बसलेल्या कुर्ल्या, आणि हे सारे टिपण्यास आलेले लांब चोचींचे पाहुणे पक्षी. नदीच्या मासळीची पिले याच मुळांच्या आडोशाला वाढतात. शहरातील माणसाला तो चिखल म्हणजे ओसाड जागा वाटते. वस्तुतः एवढी गजबजलेली वस्ती आपल्या बाजारपेठेतही नसेल.

या वस्तीचे आणि आपले वेळापत्रक दुर्दैवाने एकच आहे. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की आपली लग्नसराई सुरू होते. थंडीच्या त्याच महिन्यांत उत्तरेकडील पक्षी येथे उतरतात, आणि साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण मोरजी, आगोंद, गालजीबाग येथील वाळूत रात्री येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते. पन्नासएक दिवसांनी पिले बाहेर पडतात ती बहुधा रात्रीच. समुद्र कोणीकडे हे त्यांना शिकविणारी आई जवळ नसते. क्षितिजाची जी बाजू उजळ दिसेल तिकडे ती धावतात, आणि निसर्गात ती बाजू समुद्राचीच असते. मागच्या बाजूस हजार दिव्यांचा मांडव असला म्हणजे ती तिकडे वळतात. वधूवरांवर अक्षता पडत असताना पाठीमागे हे घडत असेल, याची वऱ्हाडातील एकालाही कल्पना नसते. न कळत घडलेल्या हानीचा दोष किती मानावा, हा जुनाच वाद आहे. पण जे विचारल्याने कळले असते ते न विचारणे याला अज्ञान म्हणता येणार नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे वनातील विवाह काय नवे आहेत? शकुंतलेचा विवाह कण्वाच्या आश्रमातच झाला. दाखला चांगला आहे, तो पुरता पाहू. कालिदासाच्या नाटकात दुष्यंत मृगाचा पाठलाग करीत येतो. तपस्वी आडवे येतात, मृग आश्रमाचा आहे म्हणून सांगतात, आणि सार्वभौम राजा बाण उतरवितो. आश्रमात शिरताना तो रथ बाहेर ठेवतो, धनुष्य आणि अलंकार सारथ्याच्या हाती देतो. राजाने आपले राजेपण शिवेवर उतरवून ठेवावे, हेच त्याचे सीमांतपूजन. आणि इतके करूनही त्याच अंकाच्या शेवटी राजाच्या रथाला बुजलेला एक रानहत्ती आश्रमात घुसतो, मुनिजनांची पळापळ होते, आणि आपल्या लवाजम्याला आवरण्यासाठी राजाला उठून जावे लागते. राजा नम्र झाला, तरी लवाजमा नम्र होत नाही. आजच्या विवाहात रथाच्या जागी जनित्रे आहेत, ध्वनिक्षेपक आहेत, आकाशात दारूकाम आहे, आणि नवरदेवाच्या डोक्यावर घोंघावणारे छायाचित्रणाचे ड्रोनही आहे.

कायदा आहेच. १९७२ च्या कायद्याने या कासवाला संरक्षण दिले, २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकाला सामान्यतः मनाई केली, आणि किनारी भागातील बांधकामावरही निर्बंध आहेत. परवाने मिळतात, अटी घातल्या जातात. त्या कितपत पाळल्या जातात हे वाचकांस ठाऊक आहे. शिवाय जत्रेच्या रात्री आपलेही ध्वनिक्षेपक फारसे शांत नसतात, हेही या पत्रिकेत लिहिणे प्राप्त आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. या विवाहांवर गावचे फुलवाले, आचारी, वाजंत्री, होडीवाले चार पैसे मिळवितात. ते त्यांनी कां सोडावेत? सोडू नयेत. पण त्या काठावर आणखीही लोक जगतात. गोमंतकात सुमारे १८ हजार हेक्टर खाजण जमीन आहे. आपल्या पूर्वजांनी गावकरीच्या व्यवस्थेत, चिखल, पेंढा आणि दगड यांचे बांध घालून ती खाऱ्या पाण्यातून सोडविली. बांधात ‘मानस’ नावाचे लाकडी दार असते. भरती चढली की पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. आत खारे सोसणारे कोरगुट भात, दाराशी मासळी. एक बांध फुटला तर सबंध शेत खारावते. वऱ्हाड निघून गेल्यावर मानशीत अडकलेल्या बाटल्या आणि पत्रावळी काढणारा माणूस त्या विवाहाच्या हिशेबात कोठेच नसतो. ‘एका रात्रीचा तर प्रश्न आहे’ असे प्रत्येक वधूपिता म्हणतो, आणि ते त्याच्यापुरते खरेही असते. काठाने मात्र सगळ्यांच्याच रात्री मोजावयाच्या.

याच खाजणांच्या गावांत, कुंभारजुव्याच्या खाडीलगत, पौष महिन्यात ‘मांगे थापणी’ होते. चिखलाची सुसर करून तिची पूजा करतात. खाडीत खरोखरीच्या सुसरी आहेत. त्यांनी माणसाला आणि गुराला सांभाळावे, बांध राखावा, ही प्रार्थना. त्या गावच्या गृहस्थाने आपल्या अंगणात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर मुलीचे लग्न लावले, तर माझा काडीचा आक्षेप नाही. तो तेथला यजमान आहे, कारण आषाढात बांधाला भगदाड पडले की मध्यरात्री कंदील घेऊन धावणाराही तोच असतो. तेथे राहून ज्याने काही राखले, त्यालाच त्या जागी दुसऱ्याला बोलाविण्याचा अधिकार. उरलेले आपण सारे तेथे अतिथी. आणि अतिथीने आपल्याबरोबर तीनशे अतिथी आणावयाचे नसतात.

मुलांना एकांताचे, पाण्याचे, पक्ष्यांचे आकर्षण वाटते, ते मात्र थट्टेवारी नेऊ नये. चिखलात पाय न घालता मोठे झालेल्या पिढीला कांदळवनाची ओढ लागावी, ही मला आशेची गोष्ट वाटते. विवाह अग्रशाळेत, दिवसाउजेडी करावा. तेथे नळ आहे, निचरा आहे, स्वयंपाकघर आहे, आणि देवीही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वधूवरांनी हवे तर रायबंदराहून फेरीबोटीने चोडणला जावे, सोबत दोघेचौघे. जाण्यापूर्वी ओहोटीची वेळ मात्र विचारून घ्यावी. भरतीत गेल्यास पक्षी फारसे दिसत नाहीत.