परक्या हंडीचा मान

आमची एक भाची गेली काही वर्षे फिनलंड देशात राहते. पतीची नोकरी तेथे. दोघेही जन्मापासून शाकाहारी. मागील हिवाळ्यात तिला कन्यारत्न झाले. बाळंतीण घरी येऊन आठवडाही झाला नसेल, तोच शेजारी एकट्याच राहणाऱ्या एक वृद्ध बाई गरम हंडी घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. बाळंतिणीच्या अंगात ऊब यावी म्हणून सकाळपासून खपून त्यांनी आपल्या घरचा सॉसेजचा रस्सा केला होता. भाचीने तोंडभर आभार मानले, दार लावून घेतले आणि हंडी कचऱ्याच्या डब्यात रिती केली. दुसऱ्या दिवशी घासलेले भांडे परत करताना ‘फार रुचकर झाले होते’ असेही ती सांगून आली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पुढल्या आठवड्यात बाई दुप्पट उत्साहाने दुसरी हंडी घेऊन हजर! तीही पहिलीच्याच वाटेने गेली. तेव्हा भाचीने आम्हांस लिहिले : ‘मामा, मी माझा नेम मोडला नाही, मग माझे मन मला का खाते?’

प्रश्न एका घरचा असला तरी तो आज आपल्या पुष्कळ घरांत उभा आहे. देवळाच्या परिसरात वाढलेली आपली मुले दूरदूरच्या मुलखांत संसार थाटीत आहेत, आणि परक्या प्रेमाने पुढे आलेले अन्न आपल्या नेमात बसत नसेल तर काय करावे, हे त्यांस कोणी शिकविलेले नाही. म्हणून भाचीस पाठविलेले उत्तर थोड्या विस्ताराने येथे मांडीत आहो.

प्रथम त्या हंडीत काय होते ते पाहू. फिनिश भाषेत सॉसेजला ‘मक्कारा’ म्हणतात व या रश्शाला ‘मक्काराकेइत्तो’. कृती अगदी साधी. बटाटे, गाजर, कांदा आणि ‘लांट्टू’ नावाचा सलगमाच्या जातीचा पिवळट कंद यांच्या फोडी मिठाच्या पाण्यात शिजत ठेवावयाच्या. त्यात तमालपत्रासारखे एक सुगंधी पान आणि मिऱ्यासारखे दिसणारे, पण लवंग-दालचिनीचा वास असणारे चार दाणे टाकावयाचे. कंद मऊ झाले की सगळ्यांत शेवटी सॉसेजचे काप घालावयाचे. ते आधीच शिजविलेले असल्यामुळे थोडी आच पुरते. सोबत राय नावाच्या धान्याचा काळसर, आंबूस पाव. त्या सॉसेजमध्ये बहुधा डुकराचे मांस असते, कधी त्यात गोमांसही मिसळलेले असते. तेव्हा भाचीच्या मनाचा थरकाप आम्हांस समजतो.

तथापि या हंडीमागे एका भूमीचा इतिहास आहे. फिनलंड साधारणतः ६० ते ७० उत्तर अक्षांशांमध्ये वसलेला. वर्षातील कित्येक महिने जमीन बर्फाखाली. जुन्या काळी सगळ्या जनावरांना हिवाळाभर पुरेल इतका चारा नसे, म्हणून शरद ऋतूत काही कापावी लागत, आणि त्यांचा कोणताही भाग वाया जाऊ नये म्हणून मांस खारवीत, धुरी देत, जवाच्या कण्यांत मिसळून आतड्यांत भरीत. (आमच्या गोव्यातही ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरी मासळीच्या तुटवड्याच्या पावसाळ्यासाठी चोरीस करून ठेवण्याची चाल आहे, तिच्यामागची दृष्टी हीच.) १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात त्या देशातील सुमारे ८ टक्के लोक दगावले, झाडाच्या आतल्या सालीचे पीठ भाकरीत मिसळून माणसे दिवस काढीत. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेले रेशनिंग पुरते संपावयास १९५४ साल उजाडले. ऐंशी ओलांडलेल्या त्या बाईंचे बाळपण त्याच वर्षांतले. अशा हातांनी भरलेली हंडी म्हणजे पोटातील मायेचेच माप होय.

मग भाचीने ते खावयास हवे होते काय? अतिथिधर्मासाठी नेम बाजूस ठेवावा, असे म्हणणारे सज्जन आहेत. आम्ही त्यांतले नव्हे. छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाची कथा येथे उपयोगी पडते. दुर्भिक्षात भुकेने व्याकूळ झालेल्या त्या ब्राह्मणाने एका माहुताचे उष्टे कुळीथ मागून खाल्ले; परंतु तोच माहूत आपले उष्टे पाणी देऊ लागला तेव्हा ते नाकारले. कारण विचारता तो म्हणाला की, ते खाल्ल्यावाचून मी जगलो नसतो. पाणी मात्र मला हवे तेथे मिळते. तात्पर्य, नेम वाकतो तो प्राणासाठी. भिडेसाठी वा सोयीसाठी नव्हे. भाचीच्या घरात तांदूळ होते, डाळ होती. तिने खाल्ले नाही यात दोष नाही. फिनलंडच्या जुन्या शेतकऱ्याला हिवाळ्यात दुसरे काही मिळत नव्हते, यात त्याचाही दोष नव्हता. आज तेथील दुकानांत सर्व काही मिळते, तेव्हा मांस खावे की न खावे हा प्रश्न तेथील लोकांपुढेही आहे; पण तो त्यांचा त्यांनी सोडवावयाचा.

दोष आहे तो दुसरीकडे, आणि तो दुहेरी आहे. पहिला असत्याचा. बाईंचे मन दुखवू नये म्हणून खोटे बोलले, असे भाची म्हणते. परंतु नीट पाहिले तर त्या असत्याने बाईंचे मन राखले नाही. आपल्याला ओशाळे होऊन खुलासा करावा लागू नये, एवढेच राखले. ज्याला आपण दया समजतो ते पुष्कळदा आपल्या भिडस्तपणाचे दुसरे नाव असते. आणि असत्याला नेहमी पुढचा हप्ता द्यावा लागतो. येथे तो दुसऱ्या हंडीच्या रूपाने आला.

दुसरा दोष अन्नाच्या नासाडीचा. भाची अहिंसेस्तव मांस खात नाही. पण जीव तर गेलाच होता. तिने ‘मला चालत नाही’ एवढे म्हटले असते तर ती हंडी बाईंच्या दोन दिवसांच्या जेवणास आली असती. ती डब्यात ओतल्याने एका प्राण्याचा जीवही व्यर्थ गेला आणि एका म्हातारीचे श्रमही. देवळातील महाप्रसादाच्या पंक्तीत पानावर शीत टाकू नये असे आपण मुलांस सांगतो; तो धडा केवळ आपल्याच अन्नापुरता आहे काय?

कोणी म्हणेल, अभक्ष्याला कसला मान? याचे उत्तर गोव्याच्या माणसाने तरी जड मनाने द्यावे. सोळाव्या शतकात आपले देव पालखीतून नदीपार न्यावे लागले. १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या जाहीरनाम्यात, बाटविलेल्यांनी हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवू नये, इथपर्यंत मनाई होती. दुसऱ्याच्या चुलीवरील भांड्यात अधिकाराने डोकावणे म्हणजे काय, हे ज्यांच्या पूर्वजांनी सोसले त्यांनी परक्याच्या हंडीकडे तुच्छतेने पाहू नये. आपला नेम कडक असावा. पण तो आपल्या पानापुरता.

आम्ही भाचीस लिहिले : ‘जाऊन खरे सांग. हंड्या कोठे गेल्या तेही सांग. आणि तो रस्सा कसा करतात ते शिकवा, अशी विनंती कर.’ आठ दिवसांनी तिचे उत्तर आले. ऐकून बाई बराच वेळ गप्प राहिल्या. अन्न टाकले याचे त्यांना वाईट वाटले. खाल्ले नाही याचे नाही. ‘पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?’ एवढेच त्या म्हणाल्या. मग दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. भाचीने घरून आपले पातेले व पळी नेली होती. कंद शिजले, सुगंध सुटला, आणि सॉसेज घालण्यापूर्वी बाईंनी स्वतःच हात थांबवून सांगितले की, आधी तुझे काढून घे.

सॉसेज शेवटी पडते, म्हणून हे सहज साधले. प्रत्येक ठिकाणी इतके सोपे नसेल. कोणाच्या घरचे सोवळे याहूनही कडक असेल, त्यांनी पातेलेही लावू नये. परंतु पहिल्या दिवशी दाराशी उभे राहून खरे बोलणे कोणालाही निषिद्ध नाही. भाची लिहिते की, आता दर आठवड्यास बाई येतात ते रिकाम्या हातांनी, आणि आमटीभात जेवून, बाळाला मांडीवर घेऊन बसतात.