रंगावाचून उमटलेले वस्त्र

ज्येष्ठ वद्यात आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघीवरून विश्रांतवाडीत येते, तेव्हा टाळकऱ्यांची धोतरे, बंड्या आणि टोप्या यांचा एकच शुभ्र ओघ डोळ्यांपुढून वाहत जातो. वस्त्र हे देहावरचे निव्वळ आवरण, की अंतरीच्या भावाचेच बाहेर उमटलेले रूप, हा प्रश्न मला त्या रस्त्याच्या कडेला पडला. आणि त्याचा उलगडा होऊ लागला तो जपानी काष्ठमुद्रित चित्रांपाशी.

ही परंपरा मावळू लागली असता 1915 पासून वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने चित्रकार, कोरणारा आणि छापणारा यांची जुनी जोडणी पुन्हा उभी केली. त्या चळवळीत इतो शिन्सुईंनी आरशासमोरची आणि हाशिगुची गोयोंनी केस विंचरणारी स्त्री तिच्या पारंपरिक वेषासह चितारली; आज स्कॉटलंडमध्ये जन्मलेले पॉल बिनी तेच कसब चालवीत आहेत. चेरीच्या लाकडावर प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा कोरतात. परंतु शुभ्र वस्त्रावरील वेलबुट्टीसाठी ‘कराझुरी’ नामक रीत आहे. तीत कोरलेल्या फळीस रंग न लावताच तिच्यावर ओलसर कागद दाबतात. समोरून पाहता तेथे काहीच नसते. कागद उजेडात तिरपा धरला की नक्षी प्रकट होते.

गीतेतील जीर्ण वस्त्राच्या दृष्टांतावरून वस्त्र तुच्छ असा अर्थ आपण सहज काढतो. परंतु तेथे त्याग जीर्णाचा आहे, वस्त्रमात्राचा नव्हे. देही नवे वस्त्र धारण करतोच. ही गीता छापण्यासाठी नाना फडणविसांनी पुण्याच्या तांबटाकडून अक्षरे कोरविण्याचा उपक्रम आरंभिला, 1800 साली ते निवर्तले, आणि मिरजकर पटवर्धनांच्या आश्रयाने 1805 साली तीच गीता तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून छापली गेली. जीर्ण वस्त्राच्या त्यागाचा तो श्लोकदेखील कागदाचे वस्त्र नेसूनच लोकांच्या हाती आला.

म्हणून मला वाटते, निर्गुण म्हणजे रूपाचा अभाव नव्हे. रंगाचा आग्रह सुटल्यावर जो ठसा शिल्लक उरतो, ते निर्गुण. कराझुरीत कोरणाऱ्याचे श्रम उणे होत नाहीत, केवळ शाई वर्ज्य होते. वारकऱ्याच्या शुभ्र वस्त्रावरही हुद्दा, मिळकत, प्रतिष्ठा यांपैकी कोणताच रंग नसतो. परंतु ओळीने सरकणाऱ्या दिंडीवर विश्रांतवाडीचे तिरपे ऊन पडले म्हणजे त्याच बंडीवर माळेचा, पडशीच्या बंदाचा आणि वाटेवरच्या घामाचा ठसा स्पष्ट दिसू लागतो.