पुऱ्या, गजरे आणि सायटोक्रोम

२४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं आणि त्या दिवशीचं बंगळुरूमधलं एक छायाचित्र जगभर फिरलं. काठापदराच्या भरजरी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या काही बायका इस्रोच्या आवारात एकमेकींना भेटून मनमुराद हसताहेत, असं ते दृश्य. या भारताच्या अवकाशशास्त्रज्ञ, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. रॉकेट म्हणजे पुरुषांचं काम या समजुतीला साडी-गजऱ्याने दिलेलं उत्तर, म्हणून ते छायाचित्र मिरवलं गेलं. पुढे इस्रोकडून खुलासा आला की त्या प्रशासकीय कामकाज पाहणाऱ्या कर्मचारी होत्या. मोहिमेवर काम केलेल्या अनेक स्त्री-शास्त्रज्ञही होत्या आणि त्या नियंत्रण कक्षात होत्या. हा खुलासा अर्थातच छायाचित्राइतका लांब पोहोचला नाही. खुलासे कधीच पोहोचत नाहीत.

त्या बायकांच्या आनंदात काही खोट नव्हती. पगारपत्रकं आणि खरेदीच्या फायली सांभाळणाऱ्यांनाही आपल्या संस्थेच्या यशाचा हर्ष व्हावा, यात गैर काय? खोट होती ती पाहणाऱ्यांच्या समाधानात. बाई दिसली, साडी दिसली, लेख तयार झाला. ती काय काम करते, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. तो पडला असता तर चूक पहिल्याच तासात उघडी पडली असती.

नियंत्रण कक्षातल्या बायकांचं काम खरं तर सांगण्याजोगं होतं. नंदिनी हरिनाथ आणि रितू करिधल या दोघी मोहिमेच्या परिचालन उपसंचालक. मंगळ त्या दिवशी इतका दूर होता की पृथ्वीवरून निघालेला संदेश यानापर्यंत पोहोचायला बारा मिनिटांहून अधिक वेळ लागे, आणि उत्तर यायला तेवढाच. इंजिन सुमारे चोवीस मिनिटं पेटवायचं होतं. म्हणजे मधेच काही बिघडलं, तर त्याची वार्ता इथे येऊन दुरुस्तीचा हुकूम परत जाईपर्यंत सगळा खेळ आटोपलेला असणार. म्हणून आपली चूक आपणच ओळखून, पर्यायी यंत्रणेकडे वळून पुढचं काम करण्याची अक्कल यानालाच द्यावी लागली. ही स्वायत्त व्यवस्था उभारण्यात करिधल यांचा मोठा वाटा होता. माणसाच्या गैरहजेरीत यंत्राने काय करावं, याचा आधीच विचार करून ठेवणं हे मला तत्त्वज्ञानाच्या अगदी जवळचं काम वाटतं. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘रॉकेट वुमन’ हे बिरुद दिलं आणि मग घर आणि काम कसं सांभाळता, हे विचारलं.

२०१९च्या १५ ऑगस्टला ‘मिशन मंगल’ हा याच मोहिमेवरचा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातली तारा शिंदे, म्हणजे विद्या बालन, पुऱ्या तळण्यातून इंधन वाचवण्याची युक्ती शोधते. गॅस बंद केला तरी तेल तापलेलं असतं, त्यात उरलेल्या पुऱ्या तळून निघतात; तसंच यानाचं. चित्रपटाला कल्पनेची मुभा असते, हे मान्य. पण इथे उपमेने भौतिकशास्त्रच बाहेर काढलं आहे. इस्रोच्या प्रक्षेपकात यानाला थेट मंगळाच्या वाटेला लावण्याइतकी ताकद नव्हती. म्हणून यान आधी पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं गेलं. अशा कक्षेत पृथ्वीच्या सर्वांत जवळ येताना यानाचा वेग सर्वाधिक असतो, आणि इंजिन नेमकं त्याच सुमारास चालवलं तर तेवढ्याच इंधनात जास्त ऊर्जा पदरात पडते. असं टप्प्याटप्प्याने कक्षा वाढवत १ डिसेंबर २०१३ला यानाने पृथ्वीची कक्षा सोडली. तेलात साठलेल्या उष्णतेशी याचा काही संबंध नाही. पण अवकाशशास्त्रज्ञ बाई असेल, तर तिला बुद्धी सुचायला कढईच हवी, असं पटकथाकारांना वाटलं असावं. पुरुष शास्त्रज्ञाला दाढी करताना कक्षागणित सुचल्याचा प्रसंग मला अजून पडद्यावर दिसायचा आहे.

ही केवळ आपल्याकडची खोड आहे, असं मात्र नाही. २०१३च्या मार्चमध्ये अमेरिकेत इव्हॉन ब्रिल वारल्या. उपग्रहाला त्याच्या जागी टिकवून ठेवणाऱ्या छोट्या इंजिनांचं इंधन वाचवणारी पद्धत त्यांनी शोधली होती. दळणवळणाच्या उपग्रहांमध्ये ती वर्षानुवर्षं वापरली गेली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या त्यांच्या मृत्युलेखाची सुरुवात मात्र त्या मांसाचा एक पदार्थ किती झकास करत, इथून झाली होती. वाचकांनी इतका गिल्ला केला की पदार्थ पानावरून काढावा लागला आणि रॉकेट पहिल्या वाक्यात आलं.

आता कमला सोहोनींकडे येतो, कारण मराठी वाचकाला त्यांची गोष्ट माहीत आहे, निदान माहीत आहे असं वाटतं. १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्या बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेत गेल्या, पण तिथले संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या. मग अटींवर प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि त्यांच्यामुळे इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, म्हणजे रामन यांच्याच शोधाच्या स्मरणार्थ असलेल्या विज्ञान दिनाला, ही हकिकत कुठे ना कुठे छापून येते. खरी आहे, संतापजनक आहे, सांगायलाच हवी. पण ती नीट वाचली की ध्यानात येतं, तिच्यात घडवणारा माणूस रामनच आहेत. दार लावतात ते, किलकिलं करतात ते, वर्षभराने समाधान पावतात तेही तेच. कमलाबाई उंबऱ्यावर उभ्या. दाराच्या आत त्यांनी पुढची कित्येक वर्षं काय केलं, तिथे लेख संपलेला असतो.

आत त्यांनी केलं ते असं. केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवून दिलं की सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं आणि पेशींच्या श्वसनात त्याचा वाटा असतो. अवघ्या चाळीसेक पानांचा प्रबंध, १९३९मध्ये पीएचडी. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. परत आल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाचा विभाग. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काय तपासलं? कडधान्यं, पालेभाज्या, नीरा. गरिबाच्या ताटात स्वस्तात पडू शकेल असं पोषण कशात आहे, हा त्यांच्या प्रयोगशाळेचा प्रश्न होता. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम केलं आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. १९५४मध्ये भारतीय अन्नपदार्थांतल्या ट्रिप्सिनरोधकांवर त्यांचा एका सहकाऱ्याबरोबरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ट्रिप्सिन हे आपल्या पोटात प्रथिनं फोडणारं विकर. काही कडधान्यांत त्याला अडवणारे घटक असतात, त्यामुळे खाल्लेलं प्रथिन अंगी लागत नाही. उष्णतेने हे घटक बरेचसे निकामी होतात. म्हणजे वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, नीट शिजवून घेण्याच्या आपल्या रीतीमागे एक जीवरसायन आहे.

आणि इथे मला हसावं की रडावं कळत नाही. ज्या एका बाईचं विज्ञान खरोखरच स्वयंपाकघराशी जोडलेलं होतं, तिच्याबद्दल लिहिताना कुणी स्वयंपाकघरात जात नाही. आणि जिचं काम कोट्यवधी किलोमीटर दूर चाललं होतं, तिला मात्र पुऱ्या तळायला बसवतात. कमलाबाईंची थोरली बहीण दुर्गाबाई भागवत यांनी ‘खमंग’ लिहून पाककलेला पांडित्याच्या रांगेत बसवलं; धाकटीने तीच कडधान्यं परीक्षानळीत घातली. एका घरातल्या दोन बहिणींच्या अन्नाकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा हा केवढा मोठा विषय आहे! त्यावर मन लावून लिहिलेला लेख माझ्या वाचनात नाही.

कामापर्यंत न पोहोचण्याचं कारण नेहमी द्वेष असतंच असं नाही. बहुधा ते आदराच्या पोटातलंच असतं. खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल यांनी १९६७मध्ये पल्सारचा, म्हणजे स्पंदणाऱ्या ताऱ्याचा, पहिला संकेत टिपला. बातमी फुटल्यावर वार्ताहरांनी शोधाचं महत्त्व त्यांचे मार्गदर्शक ह्यूइश यांना विचारलं आणि बेलबाईंना विचारलं, तुम्हाला मित्र किती? असले प्रश्न आज कुणी विचारणार नाही. आजचा प्रश्न सभ्य आहे: विज्ञानक्षेत्रात स्त्री म्हणून तुमचा अनुभव काय? पण विज्ञानाचा प्रश्न शेजारच्या खुर्चीतल्या पुरुषाकडे जातो, ही वाटणी मात्र तशीच आहे. पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांनी स्त्री-शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचं ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक २००८मध्ये राम रामस्वामी यांच्यासह संपादित केलं आणि विज्ञानातल्या स्त्रियांच्या प्रश्नासाठी त्या आयुष्यभर झटल्या. ऑक्टोबर २०२४मध्ये त्या गेल्या. पण त्या मुळात कणभौतिकीतल्या. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचे झोत एकमेकांवर आदळताना जो प्रकाश बाहेर पडतो, त्यातले प्रकाशकण स्वतःच क्वार्कांचे बनल्यासारखे वागून कचऱ्याचा एवढा ढीग करतील की हवी ती मापनंच झाकोळतील, हे त्यांनी मानुएल ड्रीस यांच्याबरोबर १९९१मध्ये दाखवलं. पुढच्या त्वरकांच्या आराखड्यांत हे ध्यानात घ्यावं लागलं. एवढं मराठीत सांगायला तीन ओळी पुरतात. मग त्या छापायला काय हरकत?

संपादकांना माझी विनंती एवढीच आहे. शास्त्रज्ञ बाईवरचा लेख हातात आला की त्यातली ‘पहिली महिला’, साडी, नवरा, मुलं आणि रामन एवढं क्षणभर बाजूला ठेवावं आणि उरलेल्या मजकुरातून तिचं काम कळतं का ते पाहावं. कळत नसेल तर लेख लेखकाकडे परत पाठवावा. आणि वाचकहो, तरीही तो तसाच छापून आला, तर गप्प बसू नका, पत्र लिहा. ब्रिलबाईंचा मृत्युलेख वाचकांच्या तक्रारींमुळेच बदलला होता.